लहान मंडळी आणि तिचा पुढारी

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत हिवरा आश्रम नांवाचें गांव आहे. गांवाच्या नांवांतच आश्रम आहे, आणि तो आश्रम स्वामी विवेकानंदांच्या नांवाचा आहे. शुकदास महाराजांनीं १९६५ सालीं तो उभारला. दर वर्षीं विवेकानंदांच्या जन्मोत्सवास तेथें पंचक्रोशींतून आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतूनहि माणसें लोटतात. शेतांत पंक्ती बसतात, आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांत भरून वाढावी लागते. एवढा थोरला समुदाय पाहतांना एक गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्या संन्याशाच्या नांवानें हा उत्सव होतो, त्याच्या कार्याचा आरंभ एका अगदीं लहानशा मंडळींत झाला, आणि त्या आरंभाच्या रात्रीं त्या मंडळीसमोर आदर्श होता तो येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांचा.

१८८६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत श्रीरामकृष्ण परमहंस निवर्तले. त्यांच्यामागें राहिलेले तरुण शिष्य पोरके झाले. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांतील कांहीं जण बंगालमधील आंटपूर या खेड्यांत, बाबूराम या गुरुबंधूच्या घरीं गेले होते. २४ तारखेच्या रात्रीं उघड्यावर धुनी पेटवून ते बसले असतां तेवीस वर्षांच्या नरेंद्रानें, म्हणजे पुढील विवेकानंदांनीं, ख्रिस्ताचें चरित्र सांगावयास प्रारंभ केला. घरदार सोडून गुरूच्या मागें निघालेले ते शिष्य, त्यांची भीति, त्यांचा भ्याडपणा, आणि अखेर त्यांच्या हातून घडलेलें कार्य, हें सारें ऐकून त्या तरुणांनीं अग्नीसमोर संन्यासाचा संकल्प केला. ती रात्र नाताळची पूर्वरात्र होती, हें त्यांच्या ध्यानांत मागाहून आलें.

हिंदु संन्याशांच्या संघाचा संकल्प ज्या दाखल्यानें दृढ झाला, तो दाखला मोठ्या सेनेचा किंवा साम्राज्याचा नव्हता. एका सुतारपुत्रानें निवडलेल्या बारा सामान्य माणसांचा तो होता. अशा लहान मंडळीचें पुढारीपण म्हणजे नेमकें काय, त्यासाठीं काय द्यावें लागतें, आणि काय चुकलें असतां तें वायां जातें, याचा विचार महाराष्ट्रांतील एका खऱ्या उदाहरणाच्या आधारें करण्यासारखा आहे.

ख्रिस्ती समाजांत ‘मंडळी’ हा शब्द विशेष अर्थानें वापरतात. रविवारीं उपासनेस जमते ती मोठी मंडळी. परंतु तिच्या पोटांत, आठवड्यांतून एखाद्या संध्याकाळीं कोणाच्या तरी घरीं प्रार्थनेसाठीं जमणारीं आठदहा माणसें असतात. सतरंजी अंथरलेली असते. एखादें भजन होतें, शुभवर्तमानांतील उतारा वाचला जातो, ज्याला जें सुचेल तें तो बोलतो. कोणाच्या घरीं आजार असला, कोणाची नोकरी गेली असली, तर त्याच्यासाठीं प्रार्थना होते, आणि चहा घेऊन माणसें उठतात. दिसावयास हें अगदीं साधें. तथापि, दोघे किंवा तिघे आपल्या नांवानें जमले तरी आपण त्यांच्यामध्यें असूं, असें आश्वासन ख्रिस्तानें दिलें आहे. संख्येची मोठी अट त्यानें घातलेली नाहीं.

अशा बैठकीचें पुढारीपण सोपें वाटतें. वास्तविक तें व्यासपीठावरील पुढारीपणाहून कठीण आहे. हजारांच्या सभेंत वक्तृत्वावर निभावून जातें. दहांच्या बैठकींत जात नाहीं. तेथें प्रत्येकजण पुढाऱ्याला घरीं, बाजारांत, रागाच्या भरांत आणि अडचणीच्या दिवसांत पाहत असतो. त्यानें सांगितलेल्या वचनापेक्षां त्यानें पाळलेलें वचन तेथें अधिक मोलाचें ठरतें.

हें ज्यांना पुरतें उमगलें होतें असे एक गृहस्थ म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. कवि, कीर्तनप्रेमी, संस्कृताचे व्यासंगी. १८९३ सालीं आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें, आणि १८९५ सालच्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढें अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनमध्यें त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं पोंचलों, असें ते सांगत. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती माणसानें परकी चाली गात न बसतां अभंग आणि भजन यांच्या वाटेनें देवाला आळवावें, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनीं स्वतः शेंकडों भजनें रचलीं, आणि मराठी ख्रिस्ती घरांत तीं आजहि म्हटलीं जातात.

परंतु या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष आहे तें १९१७. टिळकांचें वय तेव्हां पंचावन्न वर्षांचें होतें. नांव झालें होतें, मिशनचा पगार चालू होता. अशा वेळीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नांवाची लहानशी मंडळी स्थापन केली. तिचें वैशिष्ट्य असें कीं, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तींत बंधुभावानें एकत्र यावेत, अशी योजना होती. पगारी उपदेशक आणि परकी वेष यांमुळें ख्रिस्ताचें दर्शन देशबांधवांना होत नाहीं, हें शल्य त्यांना कित्येक वर्षें टोंचत होतें. त्यावर त्यांनीं निबंध लिहून समाधान मानलें नाहीं. जें दुसऱ्यानें सोडावें असें वाटत होतें, तें त्यांनीं आधीं स्वतः सोडलें.

लहान मंडळीच्या पुढारीपणाचा पहिला धडा हाच आहे. बैठकींत त्यागाविषयीं बोलणाऱ्याच्या हातांतून कांहींतरी सुटलेलें लोकांना दिसलें पाहिजे.

दुसरा धडा दाराचा आहे. टिळकांच्या घराचें दार नेहमींच उघडें असे. तरुण कवि बालकवि ठोमरे त्यांच्या अहमदनगरच्या घरीं पुत्रासारखे राहिले. ते हिंदु होते आणि अखेरपर्यंत हिंदुच राहिले, पण त्यामुळें त्यांच्यावरील मायेंत उणें पडलें नाहीं. आलेला मनुष्य आपल्या नोंदवहींत नांव लिहील कीं नाहीं, या हिशेबानें जो त्याला पाणी देतो, त्याच्या बैठकींत माणसें अवघडून बसतात. जो हिशेब न ठेवतां देतो, त्याच्यापाशीं तीं मनांतलें बोलतात.

येथवरची गोष्ट उत्साह वाढविणारी आहे. पुढील गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ९ मे १९१९ या दिवशीं टिळक मुंबईस वारले. दरबार स्थापन होऊन तेव्हां दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्यामागें दरबार टिकला नाहीं. ज्या मंडळीसाठीं त्यांनीं सर्वस्व वेंचलें, ती त्यांच्याबरोबरच संपली.

असें कां व्हावें? निष्ठेंत कांहीं उणें नव्हतें. काळ थोडा मिळाला, हें एक कारण खरेंच. परंतु दुसरेंहि एक आहे. दरबाराचें गाणें टिळकांचें, कल्पना टिळकांची, तेज टिळकांचें. दिवा एकच होता, आणि बाकीचे त्याच्या उजेडांत बसले होते. दिवा मालवला तेव्हां प्रत्येकाच्या हातीं आपापली वात नव्हती.

येथें पुन्हां विवेकानंदांची आठवण होते. ज्यांना सारें जग ओळखत होतें, त्या विवेकानंदांनीं स्वतःच्या हयातींतच, १९०१ सालीं, बेलूर मठाचा कारभार विश्वस्तांच्या हातीं दिला आणि अध्यक्षपदीं आपले गुरुबंधु ब्रह्मानंद यांना बसविलें. पुढच्याच वर्षीं, ४ जुलै १९०२ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं ते निवर्तले. संघ पोरका झाला नाहीं. ब्रह्मानंदांनीं १९२२ पर्यंत त्याची धुरा वाहिली. पुढाऱ्यानें आपल्या जागेवरून उठावें, आणि तें शरीर थकण्यापूर्वीं उठावें, ही साधना उपवासाहून अवघड आहे. ख्रिस्तानेंहि अखेरच्या रात्रीं शिष्यांचे पाय धुतले, आणि आपण जाणें हेंच तुमच्या हिताचें आहे, असें त्यांना समजावून सांगितलें.

टिळकांचा विचार सर्वस्वीं वायां गेला, असें मात्र म्हणतां येत नाहीं. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकानें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. टिळकांच्या विचारांचा ठसा त्याच्यावर होता, आणि टिळकांचें इंग्रजी चरित्रहि त्यानेंच लिहून १९२३ सालीं प्रसिद्ध केलें. संघाचे सभासद खादी वापरीत, भुईवर बसून जेवीत आणि भारतीय पद्धतीनें उपासना करीत. पुढें पुण्यास संघाचा आश्रम झाला. व्हेरिअर एल्विन हे भारतांत प्रथम आले ते याच संघाचे होऊन. १९३४ सालीं संघांत फूट पडली आणि विन्स्लो दूर झाले. तरीहि पुण्याचें स्थान उजाड पडलें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत तेथें अँग्लिकन आणि रोमन कॅथॉलिक अशा दोन्ही पंथांच्या भगिनींनीं एकत्र आश्रमजीवन सुरू केलें. संघाला लिहिलेले नियम होते, दिवसाचा ठरलेला क्रम होता. माणसें गेलीं तरी क्रम मागें राहिला, आणि नव्या माणसांना बसावयास जागा राहिली.

एवढ्यानें ही कथा पूर्ण होत नाहीं. निष्ठावंत पुढाऱ्याच्या समर्पणाची किंमत पुष्कळदां दुसरेंच कोणी देत असतें, आणि त्याची नोंद कोठें होत नाहीं. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां लक्ष्मीबाईंना त्यांनीं विचारलें नव्हतें. मूल पदरीं घेऊन त्या माउलीला कित्येक वर्षें नातेवाइकांच्या आश्रयानें काढावीं लागलीं. त्या पतीकडे परतल्या त्या स्वतःचा धर्म संभाळीतच, आणि १९०० सालीं, स्वतःच्या मनाला पटलें तेव्हां, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १९१७ च्या संन्यासानें घराची घडी पुन्हां विस्कटली. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत त्यांनीं हें सारें कडवटपणा न ठेवतां, कित्येक ठिकाणीं हंसत हंसत सांगितलें आहे. पण वाचकाचें हंसें मध्येंच थांबतें. जो मंडळीला बंधुभाव शिकवितो, त्यानें आपल्या निश्चयाची पहिली वार्ता घरांतल्या माणसाला विश्वासानें सांगावी, हा तिसरा धडा त्या पुस्तकाच्या पानोपानीं आहे.

आणि नवल असें कीं, टिळकांचें जें कार्य टिकलें तें याच लक्ष्मीबाईंच्या हातून. टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य लिहावयास घेतलें होतें. त्यांच्या हयातींत जेमतेम अकरा अध्याय झाले. लक्ष्मीबाईंनीं शाळा पाहिली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या खटाटोपानें. त्यांनीं पुढील चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या, आणि १९३८ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. दरबारांतील सभासदांना जें जमलें नाहीं, तें घरांतील एका सभासदानें केलें. कारण टिळकांनीं तिला केवळ ऐकविलें नव्हतें. लिहावयास शिकविलें होतें. दोघांची ती मंडळीच त्यांची सर्वांत यशस्वी मंडळी ठरली.

म्हणून ज्याच्या घरीं आठवड्यांतून एकदां चार माणसें प्रार्थनेला जमतात, त्यानें वर्षअखेर स्वतःला कांहीं प्रश्न विचारावे. या वर्षांत आपण काय सोडलें? बैठकींत बोललेलें गुपित आपल्या तोंडून बाहेर गेलें काय? अबोल माणसाला बोलावयास अवकाश मिळाला, कीं सारा वेळ आपणच घेतला? घरांतल्या माणसाला ही बैठक हवीशी वाटते, कीं ओझें वाटते? आणि अखेरचा, सर्वांत परखड प्रश्न: पुढच्या गुरुवारीं आपण आजारी पडलों, तर उतारा कोण वाचील? या प्रश्नाला एक नांव सुचलें तर मंडळीची मुळें धरलीं असें समजावें. दोनतीन नांवें सुचलीं तर पुढाऱ्यानें देवाचे आभार मानावे आणि कधींतरी मुद्दाम मागच्या रांगेंत जाऊन बसावें.

हिवरा आश्रमाचे शुकदास महाराज २०१७ सालीं गेले. त्यानंतरहि जन्मोत्सवाच्या दिवशीं शेतांत पंक्ती बसल्या, ट्रॅक्टर भरले, आणि वाढणाऱ्यांनीं वाढलें. ज्यानें वाढावयास शिकविलें, तो पंक्तींत दिसत नसला तरी पानावरचें अन्न त्याचेंच असतें.