‘डोकं फिरलंय’ म्हणण्याआधी
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

चेअरमनसाहेबांनी बजावलंय, डॉक्टर, सोपं बोला आणि जेवणाआधी संपवा. दोन्ही पाळायचा प्रयत्न करतो.

मी कॅज्युअल्टीत काम करतो. तिथे रात्री नातेवाईक दारातूनच निदान सांगतात, “बाबांचं डोकं फिरलंय, झोपेचं इंजेक्शन द्या.” बाबा सत्तरीचे. आजवर मानसिक आजार नाही. परवापासून मुलाला ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या दिसतात. दुपारी जरा बरे, रात्री पुन्हा बरळणं. असं दोन दिवसांत सुरू झालेलं, चढउतार होणारं बरळणं बहुधा शरीराच्या दुखण्यातून येतं. जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची; आम्ही डेलिरियम म्हणतो. मुळाशी लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, बीपीच्या गोळीने उतरलेलं सोडियम, असं काहीही निघतं. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडलेल्याच्या डोक्यात हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. रोज पिणाऱ्याने अचानक दारू सोडली, तरी दोन-तीन दिवसांत किडे दिसू लागतात. झोपेचं इंजेक्शन देऊन हे सगळं झाकलं जातं, आणि तेच धोक्याचं आहे.

ऊनसुद्धा विसरू नका. १६ एप्रिल २०२३ला आपल्या खारघरच्या सोहळ्यात उन्हाने माणसं दगावली. उष्माघातात ताप चढतो आणि माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो. तिथे आधी अंग थंड करायचं. स्वभावाची चर्चा नंतर.

उलट बाजूही आहे. तरुण मुलगा, छातीत धडधड, बोटांना मुंग्या, ‘मी मरतोय’ म्हणतो. ईसीजी आणि तपासण्या नीट आल्या, तरच आम्ही पॅनिक अटॅक म्हणतो. तेव्हाही ते नाटक नसतं, भीती खरीच असते. अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर उपयोगी पडतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ज्यांच्यावर आधीच शिक्का बसलाय त्यांची. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेणाऱ्याच्या छातीत दुखलं तर घरचे म्हणतात, “त्याचं नेहमीचंच आहे.” कधीकधी आमच्यातलेही तसंच म्हणतात. अहो, त्याला हार्ट अटॅक यायला बंदी आहे का? त्याचाही ईसीजी तितक्याच घाईने काढला पाहिजे.

येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आयुर्वेदिकसुद्धा. कधीपासून बदल झाला, हे रोज सोबत असणाऱ्याने सांगावं. पुष्कळदा ते घरकाम करणाऱ्या ताईंनाच नीट माहीत असतं. गाडी मिळत नसेल तर १०८ लावा.

मघाशी एका काकूंनी विचारलं, मधुमेही माणूस घामाघूम होऊन भांडायला लागला तर? आधी ग्लुकोमीटर लावा. ७०च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि घेऊन या.