आधी आराखडा, मग कोड

घर बांधायचं तर आधी नकाशा काढतात, मग पाया खणतात. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. समजा, ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर करायचं आहे. पुस्तक आणि सभासद यांचं नातं काय, एका सभासदाला एका वेळी किती पुस्तकं मिळणार, हे आधी चौकटी आणि रेषांनी मांडतात. यालाच म्हणतात सॉफ्टवेअर मॉडेलिंग.

ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकोबसन या तिघांच्या मॉडेलिंगच्या पद्धती एकत्र येऊन ‘यूएमएल’ ही चित्रभाषा घडली. १९९७ मध्ये तिला प्रमाणभाषेची मान्यता मिळाली आणि ती अभ्यासक्रमातही आली. पण शिकताना एक अडचण येते. आकृती राहते वहीत, कोड असतो संगणकात. कोड बदलला की आकृती शिळी होते आणि परीक्षेपुरतीच उरते.

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात प्राध्यापक टिमोथी लेथब्रिज यांच्या संशोधक गटानं यावर उपाय म्हणून ‘अम्पल’ हे साधन तयार केलं. त्यात चार ओळी लिहिल्या की शेजारी आकृती उमटते. आकृती बदलली की मजकूरही बदलतो. त्यातूनच जावा, पीएचपी अशा भाषांमधला कोड आपोआप तयार होतो. हे साधन मुक्त स्रोत असून ब्राउझरमध्येच मोफत वापरता येतं.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पुढचा प्रकल्प हाती घ्याल, तेव्हा कळफलकाला हात लावण्याआधी एक आकृती जरूर काढा.