पहिला रिपोर्ट नॉर्मल, तरी थांबा



पुण्याच्या ससूनसारख्या रुग्णालयात छातीत दुखणारा रुग्ण आला, की आधी ईसीजी काढतात.
त्यात हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसला, तर लगेच उपचार.
शंका राहिली, तर रक्ताची ट्रोपोनिन चाचणी.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन.
स्नायूला इजा झाली, की ते रक्तात उतरतं.
पण त्याला थोडा वेळ लागतो.

म्हणून पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, तरी डॉक्टर रुग्णाला थांबवून घेतात.
काही तासांनी पुन्हा रक्त घेतात.
आकडा चढतोय का, ते पाहतात.
कारण नुसता वाढलेला आकडा पुरेसा नाही; मूत्रपिंडाच्या आजारातही तो वाढलेला असू शकतो.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो: पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून घरी जायची घाई नको.

आणि छातीत दुखून घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत बसू नका.
१०८ क्रमांकाला फोन लावा.