गाडी आवडते म्हणून बोलते

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, मोटारींचं वेड हा विषय आपल्या व्यासपीठावर कशाला, असं दोघीतिघींनी मला सकाळीच विचारलं. श्रीमंत पुरुषांची खेळणी ती, आपला काय संबंध? संबंध आहे. पण आधीच सांगून टाकते, मला वेगवान गाड्या मनापासून आवडतात. वळणावर स्टिअरिंगमधून हाताला कळणारा रस्ता, नेमक्या क्षणी पडलेला गिअर, यात मला आनंद मिळतो. बाईनं मुलांना शाळेत सोडायला गाडी चालवली तर कौतुक होतं. आनंदासाठी चालवली की भुवया उंचावतात.

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनंच केला, हे किती जणींना ठाऊक आहे? ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मॅनहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि परतल्यावर नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा. कारखानदाराला चालवणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागलं, ते असं.

आज कंपन्या कुणाचं ऐकतात? बी.एम.डब्ल्यू.ची एम-५ घ्या. १९८५ ची पहिली एम-५ साधारण चौदाशे किलोची, २८६ अश्वशक्तीची. २०२४ मध्ये आलेली ७२७ अश्वशक्तीची, आणि वजन चोवीसशे किलोच्या वर! युरोपातल्या प्रदूषणाच्या नियमांत बसण्यासाठी इंजिनाबरोबर मोटर आणि जड बॅटरी घातली, आणि ते वजन ओढायला आणखी ताकद. टक्कर झाली तर आतल्या माणसांना वाचवण्यासाठी वजन वाढलं असेल तर माझी तक्रार नाही. पण सगळं वजन त्यासाठी नाही. माझदाची एम.एक्स.-५ १९८९ साली आली, ती आजही अकराशे किलोच्या आसपास आहे. म्हणजे मनात असेल तर जमतं.

एक गंमत सांगते. एका शोरूममध्ये विक्रेता माझ्याकडे न बघता माझ्या भावाला म्हणाला, "लेडीजसाठी ऑटोमॅटिकच घ्या साहेब, सोपी पडते." ही जी ७२७ अश्वशक्तीची मर्दानी एम-५, ती फक्त ऑटोमॅटिकच मिळते! पोर्शनं २०१३ साली ९११ जी.टी.३ मधून हाताचा गिअर काढून टाकला होता. शौकिनांनी इतका आरडाओरडा केला की २०१७ मध्ये तो परत आणावा लागला. आरडाओरड्याचा उपयोग होतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आणि नवा धंदा बघा. मर्सिडीजनं २०२२ मध्ये अमेरिकेत जाहीर केलं की काही विजेच्या गाड्या वर्षाला बाराशे डॉलर भरले तर जास्त जोरात पळतील. ताकद गाडीत आधीपासूनच आहे, फक्त कुलूप लावलेलं. घर विकत घ्यायचं आणि माडीचं भाडं वेगळं भरायचं!

आता मुख्य मुद्दा. गाडी आदळवून तपासताना आत पुतळे बसवतात. तो मुख्य पुतळा वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचा. 'बाईचा' म्हणून जो वापरतात तो जवळजवळ पुरुषाचाच लहान केलेला साचा, उंची पाच फुटांच्या आत. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की समोरून होणाऱ्या टकरीत, पट्टा बांधलेला असतानाही, बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त असते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं कारण तपासलं. बरीचशी तफावत अशी की बायका लहान, हलक्या गाड्यांत असतात आणि पुरुष जड गाड्यांत, त्यातही धडक देणारी गाडी बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात. पायांच्या इजा मात्र गाड्या सारख्या असल्या तरी बायकांनाच जास्त, हेही त्यांना आढळलं.

म्हणून चोवीसशे किलोची, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुटणारी गाडी हा मला नुसता चवीचा प्रश्न वाटत नाही. ती चालवणारा सुरक्षित असतो. समोरच्या हलक्या गाडीतली, स्कूटरवरची, पायी रस्ता ओलांडणारी कोण असते, ते आपण आपल्या चौकात उभं राहून मोजू शकतो.

यावर काहीजणी म्हणतील, मग गाड्याच नकोत. मला ते मान्य नाही. मला वेग हवा आहे. हलका, हाताला कळणारा. १९८२ साली मिशेल मुतों ऑडी क्वात्रो घेऊन जागतिक रॅली स्पर्धेत दुसरी आली, तिला कुणी सोपी गाडी दिली नव्हती.

माझी जुनी पाच गिअरची गाडी बाहेर उभी आहे. क्लच कधी सोडायचा हे ज्यांना शिकायचंय त्यांनी चहानंतर या, एका वेळी तिघी. आता प्रश्न विचारा.