खर्चाचा अंदाज : एक अवघड विद्या

कारवारच्या तळावरील ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका गोव्याकडील आणि बेळगावकडील श्रोत्यांना अपरिचित नाही. रशियाकडून ही जुनी नौका घेऊन तिची पुनर्बांधणी करविण्याचा करार 2004 च्या जानेवारीत झाला, तेव्हा त्या कामाची किंमत 97 कोटी 40 लक्ष डॉलर ठरली होती. नौका 2008 मध्ये हाती यावयाची होती. ती आली 2013 च्या नोव्हेंबरात. आणि तत्पूर्वीच, 2010 मध्ये, किमतीचा आकडा 235 कोटी डॉलरवर जाऊन पोहोचला होता. जहाजाच्या पोटातील विजेच्या तारांचे काम मूळ अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाले, हे त्याचे एक मोठे कारण.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त जुनाच आहे. परंतु दगड आणि चुना यांचे भाव त्या गृहस्थाला बाजारात विचारता येत होते. जे शस्त्र अद्याप कोणी बनविलेच नाही, त्याचा भाव कोणास विचारावा?

अमेरिकेत या प्रश्नाचे रीतसर शिक्षण दिले जाते. 1990 च्या कायद्यान्वये तेथे संरक्षण-खरेदीचे विद्यापीठ निघाले व त्याचे मुख्य ठाणे व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर येथे झाले. खर्चाचा अंदाज करणे हा तेथील एक अभ्यासविषय ठरला. पूर्वीच्या तत्सम शस्त्रावरून, वजन किंवा वेग यांच्या प्रमाणावरून, अथवा एकेका सुट्या भागाची बेरीज करून आकडा कसा काढावा, हे विद्यार्थ्याला शिकावे लागते. अभियंता राइट यांनी 1936 मध्ये मांडलेला नियमही त्यात येतो. विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागील सरासरी श्रम सुमारे पंचमांशाने घटतात. पहिल्याला 1000 तास लागले, तर दोहोंची सरासरी 800 आणि चारांची 640.

खरी मेख मात्र पुढे आहे. समजा, एखाद्या कामाला कमीत कमी 90, बहुधा 100 आणि फार बिघडल्यास 160 कोटी लागतील. सामान्य कारकून 100 लिहून मोकळा होतो. परंतु खर्च खाली उतरावयास जागा थोडी आणि वर चढावयास पुष्कळ. म्हणून साध्या त्रिकोणी हिशेबाने सरासरी सुमारे 117 निघते. असे शेकडो भाग असले, म्हणजे गणकयंत्राकडून हजारो वेळा काल्पनिक फासे टाकवून घेतात आणि अमुक रकमेत काम पुरे होण्याचा संभव शेकडा किती, ते पाहतात. एकच ठाम आकडा देणारा मनुष्य आत्मविश्वासू दिसतो खरा, पण त्याने धोका नुसता झाकून ठेवलेला असतो.

आणि कंत्राट हवे असणाऱ्याला, तसेच योजना मंजूर करून घेणाऱ्यालाही, लहान आकडाच प्रिय असतो. अमेरिकी हवाई दलातील खर्च-तज्ज्ञ अर्नेस्ट फिट्झजेराल्ड यांनी 1968 च्या नोव्हेंबरात संसदीय समितीपुढे साक्ष देताना, सी-5 ए या मालवाहू विमानाचा खर्च सुमारे 200 कोटी डॉलरने वाढू शकेल, हे मान्य केले. पुढच्याच वर्षी त्यांची जागा रद्द झाली. 1973 मध्ये नागरी सेवा आयोगाने त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला. पण मूळ कामावर ते पुन्हा रुजू झाले ते 1982 मध्ये. खर्च आधारभूत अंदाजाच्या शेकडा 15 हून अधिक वाढल्यास संसदेला कळविण्याचे बंधन त्याच वर्षी आले. मोठ्या योजनांचे अंदाज स्वतंत्रपणे तपासणारा संचालक नेमण्याचा कायदा व्हावयास मात्र 2009 साल उजाडावे लागले.