दाखला न मागता



आठवीत आपल्या वर्गातल्या मुलांना फीमाफीसाठी ईबीसीचा फॉर्म भरावा लागायचा, सोबत वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला. आम्हा मुलींना फी माफच होती. माझे वडील नोकरदार, तरी मला कुणी दाखला मागितला नाही. शेवटच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राचे वडील मात्र शेतमजूर. दाखल्यासाठी त्यांनी दोनदा मजुरी बुडवली, तरी तो मिळाला नाही. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही.

सगळ्यांना विनाअट मूलभूत उत्पन्न द्यावं, ही चर्चा ऐकली की मला तो आठवतो. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत या कल्पनेवर अख्खं प्रकरण होतं. मला ती आवडते. पण गणिताचे सर समोर बसलेत, तेव्हा हिशेब मांडायलाच हवा.

१४० कोटी माणसं, दरमहा १,००० रुपये. वर्षाचे झाले १६ लाख ८० हजार कोटी. केंद्राचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचं, म्हणजे एक तृतीयांश यातच गेलं. त्या वर्षी वैयक्तिक आयकरातून अपेक्षित होते १४ लाख ३८ हजार कोटी; तेही पुरत नाहीत. धान्य आणि खतांचं अनुदान बंद केलं, तरी चार लाख कोटीसुद्धा सुटत नाहीत, आणि गरिबाचं रेशन जातं ते वेगळंच. तेव्हा सर्वांना, आजच, हे गणित सुटत नाही.

मग अटी घालायच्या? इथे माझा अनुभव सांगते. एका योजनेच्या अर्जांची छाननी करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही, की अर्ज बाद. सासरचं नाव एकीकडे, माहेरचं दुसरीकडे, अशा कितीतरी बायका त्यात गळल्या. प्रोग्रॅम चुकला नव्हता. मी अट घातली तसाच चालला. अटीलाही किंमत असते, आणि ती अंदाजपत्रकात दिसत नाही. ती बाद झालेला माणूस भरतो.

म्हणून मला मधली वाट दिसते. सर्वांना नाही, पण एका गटातल्या सर्वांना. आपल्याकडे साठीपुढची माणसं सुमारे १५ कोटी. दरमहा १,००० दिले तर वर्षाला १ लाख ८० हजार कोटी. अंदाजपत्रकाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हे झेपण्यासारखं आहे. आज साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा फक्त २०० रुपये, आणि तोही दारिद्र्यरेषेखाली असल्याचं सिद्ध केलं तर.

श्रीमंत म्हाताऱ्यांनाही मिळतील, असं कुणी म्हणेल. मिळू देत, करातून परत घेता येतात. आपल्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना? महाराष्ट्राने १९७५ साली तो रोजगार हमीसाठीच सुरू केला. एका कामासाठी कर लावून ते काम चालवणं आपल्याला नवं नाही.

शेवटी एक सांगते. या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालावरून केली. त्यामुळे तो मित्र त्यात नाही. कुणाकडे त्याचा पत्ता असेल तर मला द्या. पुढच्या वेळी त्याला बोलवायला मी स्वतः जाईन.