ज्योतीच्या पोटातील न दिसणारा प्रकाश
(व्याख्यानाचा सारांश)



शेगडीची ज्योत निळी असावी, पिवळी झाली की बर्नर साफ करावा, हे घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पिवळी ज्योत म्हणजे हवेअभावी झालेले अपुरे ज्वलन. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मग शास्त्रज्ञ तो मोजतात कसा?

1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून आलेल्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला. तेथे उजेड नव्हता, तरी पारा चढला! हेच अवरक्त अथवा इन्फ्रारेड किरण. पुढे जॉन टिंडल यांनी 1859 पासून प्रयोग करून काही वायू हे किरण शोषतात, असे दाखवले. रेणूतील अणू ठराविक गतीने कंप पावतात. त्या कंपनाशी जुळणारे किरणच रेणू शोषतो. मिथेन सुमारे 3.3, कार्बन डायऑक्साइड 4.3, तर कार्बन मोनॉक्साइड 4.7 मायक्रोमीटर लांबीच्या लहरी शोषतो. प्रत्येक वायूचा जणू हा अंगठ्याचा ठसाच! किती प्रकाश शोषला गेला, यावरून वायूचे प्रमाण कळते.

खरी अडचण वेगाची आहे. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतो, आणि इंधन त्याहूनही कमी वेळात जळते. नळीने नमुना काढेपर्यंत सारे आटोपलेले असते. लेसरचा किरण मात्र ज्वाळेला धक्का न लावता आरपार जातो, आणि शीघ्र संवेदक सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापर्यंतचे बदल टिपतो. 1977 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रोनाल्ड हॅन्सन यांनी शॉक ट्यूबमधील तप्त वायूंसाठी अवरक्त डायोड लेसर वापरल्याचे काम प्रसिद्ध केले. 1994 साली बेल प्रयोगशाळेत क्वांटम कॅस्केड लेसर तयार झाला आणि हे काम अधिक सुकर झाले. इंधन पूर्ण जळावे, धूर कमी व्हावा, यासाठी या मोजमापांचा उपयोग होतो.

पालकांना एक विनंती. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावू नका. हवा खेळती ठेवा. आणि मुलीने किंवा मुलाने विचारले, "ज्योत पिवळी का?", तर त्यांना गप्प करू नका. हर्शेल यांचा शोधही अशाच एका साध्या कुतूहलातून लागला होता.